घरात एकाला काचबिंदू निघाला. बाकीच्यांनी डोळे दाखवले का?

मेधा_वाई

माझ्या थोरल्या भावाला ५८व्या वर्षी काचबिंदू निघाला. वाचायचा चष्मा लागेना म्हणून गेला होता. डॉक्टरांनी डोळ्यामागची नस बघितली आणि विचारलं, "जिना उतरताना पायरी चुकते का?" चुकत होती. आम्ही सगळे त्याला वेंधळा म्हणत होतो.

दादाचे उपचार नीट चालू आहेत, डोळ्याचं प्रेशर (आतला दाब) आटोक्यात आहे, त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही. लिहायचंय ते आम्हा उरलेल्या भावंडांबद्दल. त्याच्या फाइलीत थेंबांच्या नावांखाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, "सर्व भावंडे व मुले - तपासणी". ही ओळ घरातल्या प्रत्येकाने वाचली आणि एकानेही मनावर घेतली नाही. एक बहीण म्हणाली, मला लांबचं लख्ख दिसतं. धाकटा म्हणाला, मला तर चष्माही नाही. मलाही वाटत होतं की एवढी काय घाई. शेवटी दिवाळीत सगळे जमलेले असताना वहिनीने कोणाला न विचारता सगळ्यांच्या अपॉइंटमेंट घेऊन टाकल्या. त्यात त्या लख्ख दिसणाऱ्या बहिणीच्या दोन्ही डोळ्यांत सुरुवातीचा काचबिंदू निघाला. माझी नस चांगली, पण कोन फार अरुंद, म्हणून लेझर करून घेतलं. धाकट्याचं सगळं ठीक. त्याला दोन वर्षांनी परत बोलावलंय. दादाचाही कोन अरुंदच होता, म्हणजे आमच्या घराण्यात हाच प्रकार दिसतोय.

मला समजलं ते असं. डोळ्याच्या आत सतत एक पातळ पाणी तयार होत असतं (अश्रू वेगळे, ते बाहेरचे). पुढचं पारदर्शक पटल आणि आतला रंगीत पडदा जिथे मिळतात त्या कोनात एक बारीक जाळी असते, तिच्यातून ते पाणी निघून जातं. न्हाणीघरातल्या मोरीसारखंच हे. जाळी आतून तुंबली तर उघड्या कोनाचा काचबिंदू, आणि जाळी ठीक असून रंगीत पडदाच तिच्यावर येऊन बसला तर बंद कोनाचा. दोन्हीकडे आतला दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते. त्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात म्हणे, त्यामुळे सुरुवातीला थोडे गेल्याचं कळतही नाही.

सगळ्यात फसवं म्हणजे समोरचं शेवटपर्यंत दिसतं. आजूबाजूचं आधी जातं. एका डोळ्यातला गेलेला तुकडा दुसरा डोळा भरून काढतो, उरलेली जागा मेंदू आपल्या मनाने भरतो. काळा डाग दिसेल मग जाऊ डॉक्टरकडे, असं म्हणत बसलात तर तो डाग दिसणारच नाही. आणि मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून परत दिसायला लागेल, तर तेही इथे नाही. गेलं ते गेलं. उरलंय ते टिकवता येतं, आणि लवकर सापडलं तर बहुतेकांना जन्मभर टिकवता येतं.

तुमच्या घरात पेशंट असेल तर बाकीच्यांना कसं नेलंत? डॉक्टर सभासद असतील त्यांनी माझं काही चुकलं असेल तर सांगावं.

---

कट्टेकर

वाचनखूण साठवली. वहिनींना नमस्कार.

---

अण्णा_नाशिक

मी दरवर्षी न चुकता चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर डोळे तपासतो. तीन वर्षं नंबर तोच. मग आणखी काय तपासायचं? हल्ली प्रत्येक गोष्टीची भीती घालतात.

---

काडी_आणि_काच

अण्णा, माझं स्वतःचं चष्म्याचं दुकान आहे, म्हणून मीच सांगतो. ते कॉम्प्युटरचं यंत्र नंबर काढतं. नस बघत नाही, दाब बघत नाही. काचबिंदू असलेल्या माणसाचा नंबर सोळा आणे बरोबर येऊ शकतो आणि तो तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचू शकतो. माझ्याकडे चाळिशीचं गिऱ्हाईक पहिल्यांदा जवळच्या चष्म्यासाठी आलं की मी एकदा तरी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवतो. निम्मे जात नाहीत. 'तुम्हीच द्या ना नंबर काढून' म्हणतात. जवळच्या चष्म्याचा नंबर दर थोड्या महिन्यांनी बदलायला लागला तर मात्र मी चष्मा बनवून देत नाही, आधी तपासून या म्हणतो.

---

नेत्रा_पी

मी नेत्रतज्ज्ञ, जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करते. मेधाताई, तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे.

भावंडांबद्दल थोडं. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला काचबिंदूच्या पेशंटांच्या भावंडांना आणि मुलांना बोलावून तपासलं होतं. त्यांना आयुष्यभरात काचबिंदू होण्याची शक्यता २२ टक्के निघाली. ज्यांना हा आजार नाही अशांच्या नातेवाइकांत ती २.३ टक्के होती. म्हणजे जवळपास नऊपट. माझ्या बघण्यात भावंडं सर्वांत निष्काळजी असतात. मुलांना आईवडील ओढत आणतात, भावंडांना कोण आणणार?

आपल्याकडे ४०च्या पुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा असा अंदाज २०१०मध्ये प्रसिद्ध झाला होता. दक्षिण भारतात घरोघरी फिरून ज्या पाहण्या झाल्या त्यांत ज्यांना काचबिंदू सापडला त्यांपैकी दहातल्या नऊ जणांना तोवर पत्ताच नव्हता. अण्णा, भीती घालायची म्हणून हे सांगत नाही. यांतले बरेच जण त्याआधी कुठे ना कुठे चष्म्यासाठी डोळे तपासून आलेले असतात.

आता 'प्रेशर नॉर्मल आहे' या वाक्याबद्दल. १० ते २१ (पाऱ्याचे मिलिमीटर) ही नेहमीची रेघ. पण एका दुपारी १७ आलं म्हणजे रात्री झोपेतही १७ असतं असं नाही, दाब दिवसभरात वरखाली होतो. शिवाय काहींची नस १६-१७ लाही सुकते. पटल पातळ असेल तर यंत्र खरं असतं त्यापेक्षा कमी आकडा दाखवतं, जाड असेल तर जास्त. ज्यांनी चष्मा घालवायचं लेझर करून घेतलंय त्यांचं पटल पातळ झालेलं असतं, त्यांनी ते आवर्जून सांगावं, नाहीतर आम्ही फसतो. फुंकर मारणाऱ्या यंत्रावर शिबिरात घेतलेलं प्रेशर ही फक्त चाळणी आहे.

खरी तपासणी म्हणजे दाब, पटलाची जाडी, भिंगाचा आरसा डोळ्याला लावून कोन बघणं (गॉनिओस्कोपी), आणि नस बघणं. यांतलं कोन बघणं आपल्याकडे सर्वांत जास्त सुटतं. बंद कोनाचा काचबिंदू आशियात जास्त, त्यामुळे तो बघायलाच हवा. शंका आली तर ओसीटी (नसेचं स्कॅन) आणि फील्ड टेस्ट (नजरेचा घेर मोजणारी).

---

पुष्कर_४४

फील्ड टेस्ट म्हणजे ती हनुवटी टेकवून बटण दाबायची ना? अंधाऱ्या भांड्यात बारीक ठिपके चमकतात आणि दिसला की टिच्. मला वाटलं मी नापास झालो. अर्धे ठिपके दिसलेच नाहीत. :(

डॉक्टर, एक प्रश्न. मला प्रेशर २४ आणि २५ निघालं, नस आणि फील्ड चांगलं. डॉक्टर म्हणाले आत्ता थेंब नको, सहा महिन्यांनी या. घरचे म्हणतात दुसऱ्याला दाखव, हे काहीच देत नाहीत.

---

नेत्रा_पी

पुष्कर, त्या टेस्टमध्ये निम्मे ठिपके न दिसणं ठरवूनच असतं. यंत्र तुमची मर्यादा शोधत असतं, म्हणून मुद्दाम फिकट ठिपके टाकतं. पहिल्या खेपेला जवळजवळ सगळ्यांचीच खराब येते, म्हणून आम्ही ती परत करायला लावतो.

दाब जास्त पण नस चांगली, यावर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, २००२मध्ये निष्कर्ष आले. थेंब न दिलेल्यांपैकी पाच वर्षांत ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, थेंब दिलेल्यांत ४.४ टक्के. थेंबांनी धोका निम्म्याहून कमी झाला. पण याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा की काहीही न देता दहातल्या नऊ जणांना पाच वर्षांत काही झालं नाही. म्हणून वय, पटलाची जाडी, नसेचा आकार, घरातला इतिहास बघून ठरवायचं. तुमचं पटल जाड असेल तर थांबण्याचा निर्णय अगदी योग्य. मात्र सहा महिन्यांनी जाणं हाच त्या उपचाराचा भाग आहे. घरात कोणाला आहे का?

---

पुष्कर_४४

पटल ५९० मायक्रॉन आहे, म्हणजे जाडच, रिपोर्टवर लिहिलंय. घरात कोणाला आहे हे कोणाला माहीत, आजोबांना 'म्हातारपणी दिसत नव्हतं' एवढंच सांगतात.

---

रानवाटा

आजोबांना म्हातारपणी दिसत नव्हतं, हे आमच्याकडे प्रत्येक घरात ऐकाल. मराठवाड्यातलं गाव आहे आमचं. मोतीबिंदू 'पिकू द्या, मग काढू' हे अजून चालू आहे. माझ्या चुलत्यांनी असाच पिकू दिला. सोयाबीन निघू दे, मग हरभरा निघू दे. एका रात्री डोळा लालभडक, डोकं फुटायची वेळ, उलट्या. तालुक्याला नेलं तर कळलं की मोतीबिंदू फुगून त्यानेच आतलं प्रेशर चढवलंय. मोतीबिंदू काढला, डोळा वाचला, पण नजर पूर्वीसारखी आली नाही. तोवर आम्हाला वाटायचं मोतीबिंदू आणि काचबिंदू यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

---

नेत्रा_पी

रानवाटा, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. फुगलेला किंवा अतिपिकलेला मोतीबिंदू दाब चढवतो, आणि हा पूर्ण टाळता येण्यासारखा काचबिंदू आहे. आताच्या मशीनच्या ऑपरेशनला मोतीबिंदू पिकायची वाट बघावी लागत नाही, उलट पिकल्यावर अवघड होतं.

दुसरी बाजूही सांगते. अरुंद कोनवाल्यांच्या डोळ्यातलं भिंग वयानुसार जाड होऊन रंगीत पडद्याला पुढे ढकलतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात करतात तसं ते काढून कृत्रिम भिंग बसवलं की कोन उघडतो. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बंद कोनाचा काचबिंदू असलेल्यांचं, किंवा कोन बंद होऊन दाब बराच वाढलेल्यांचं, भिंग लवकर काढलं तर निकाल लेझर आणि थेंबांपेक्षा सरस निघाले. मेधाताई, तुमच्या दादांना आणि बहिणीला पुढे मोतीबिंदू झाला तर हे लक्षात ठेवा.

---

झिम्मा

रानवाटांच्या चुलत्यांसारखंच माझ्या आईचं झालं, फक्त मोतीबिंदू नव्हता. लग्नाच्या हॉलमधून घरी आलो, रात्री उजव्या बाजूचं डोकं दुखायला लागलं, कोरड्या उलट्या. आईला पित्ताची सवय, म्हणून आम्ही आलं-लिंबू दिलं. सकाळी एका दवाखान्यात सलाइन लावलं, पित्ताचं इंजेक्शन दिलं. ती म्हणत होती, "ट्यूबलाइटभोवती इंद्रधनुष्य दिसतंय." कोणी ऐकलं नाही. दुपारी शेजारच्या काकू आल्या, त्या म्हणाल्या डोळा बघा केवढा लाल आहे. प्रेशर ५० च्या वर होतं.

डोळा वाचला, नजर अर्धी गेली. दुसऱ्या डोळ्यालाही लगेच लेझर केलं, कारण तोही त्याच वाटेवर होता.

सगळ्यांना विनंती, पित्त समजून डोकेदुखी-उलटीवर गोळी देण्याआधी एकदा डोळ्याकडे बघा. लाल आहे का, धुरकट दिसतंय का, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत का. असेल तर सकाळची वाट बघू नका.

---

अण्णा_नाशिक

झिम्माताई, वाचून बसूनच राहिलो. हे लेझर म्हणजे नेमकं काय करतात? भूल वगैरे?

---

मेधा_वाई

अण्णा, माझं झालंय म्हणून सांगते. भूल फक्त थेंबांची. बसल्या बसल्या करतात, मशीनवर हनुवटी टेकवायची. रंगीत पडद्याच्या कडेला, पापणीच्या आड, सुईच्या टोकाएवढं भोक पाडतात म्हणजे पाण्याला दुसरी वाट मिळते. चटका बसल्यासारखं वाटतं, टक् टक् आवाज येतो, दहा मिनिटांत बाहेर. दिवसभर धुरकट दिसलं. चहा प्यायला मी त्याच दिवशी चालत गेले. (गाडी मात्र चालवू नका.)

सगळ्या अरुंद कोनवाल्यांना हे करतातच असं नाही, असंही डॉक्टर म्हणाल्या. चीनमध्ये ग्वांगझूला झालेल्या अभ्यासात नुसता कोन अरुंद असलेल्यांपैकी फारच थोड्यांना पुढे त्रास झाला. माझ्या बाबतीत घरात दोघांना आजार म्हणून केलं.

---

तुळस_वृंदावन

सगळं अ‍ॅलोपॅथीचंच चाललंय म्हणून लिहिते. त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवा, त्राटक करा, सकाळी उठल्यावर तांब्यातलं लिटरभर पाणी प्या, आणि शीर्षासन करा म्हणजे डोळ्यांना रक्तपुरवठा होतो. आमच्या गुरुजींना ८०व्या वर्षी चष्मा नाही.

---

काडी_आणि_काच

गुरुजींना चष्मा नाही म्हणजे नंबर नाही. काचबिंदू नाही असं त्यातून कळत नाही. वर तेच तर चाललंय.

---

नेत्रा_पी

तुळसताई, त्राटकाने किंवा त्रिफळ्याने आतला दाब उतरतो असा मला तरी भरवशाचा पुरावा दिसलेला नाही, आणि घरी केलेलं पाणी डोळ्यात घालणं जंतूंना आमंत्रण. मध, कांद्याचा रस, गुलाबपाणीही नको.

शीर्षासनाबद्दल मात्र ठाम बोलते. चेन्नईत नियमित योग करणाऱ्यांवर अभ्यास झाला, २००६मध्ये छापला गेला. शीर्षासनात डोळ्याचा दाब दुपटीच्या आसपास जातो. निरोगी डोळा ते सोसून नेतो. ज्यांची नस आधीच अशक्त आहे त्यांनी शीर्षासन, सर्वांगासन, अधोमुख श्वानासन टाळावं. बाकी योग, प्राणायाम, रोजचं भराभर चालणं खुशाल करा, चालण्याने तर दाब थोडा उतरतोच. जिममध्ये श्वास कोंडून जड वजन उचलू नका.

आणि उषःपान. लिटरभर पाणी एका दमात प्यायलं की डोळ्याचा दाब चढतो. इतका नेमाने चढतो की आम्ही ती टेस्ट म्हणून वापरायचो. काचबिंदूवाल्यांनी तेच पाणी दिवसभरात थोडं थोडं प्यावं. पाणी कमी करा असं मी म्हणत नाहीये, नाहीतर उद्या कोणी तरी मूतखडा घेऊन येईल.

---

लेस्टरकर

मूळ प्रश्नावर. इंग्लंडमध्ये तुमचं वय ४० किंवा जास्त असेल आणि आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मूल यांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर एनएचएसतर्फे (तिथली सरकारी आरोग्यसेवा) डोळ्यांची तपासणी फुकट आहे. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानातच होते, पण तिथे बसलेला ऑप्टोमेट्रिस्ट नस आणि प्रेशर बघतोच. मला त्या फॉर्मवरचा हा प्रश्न बघूनच आईला फोन करावासा वाटला, "तुझ्या थेंबांचं नाव काय गं?" ती कोल्हापूरला वर्षानुवर्षं थेंब टाकत होती आणि आम्हा कोणाला ते कशाचे ते ठाऊक नव्हतं. 'डोळ्याचं औषध' एवढंच.

दोन्ही डोळ्यांना काचबिंदू असेल तर इथे गाडीच्या लायसन्स खात्यालाही कळवावं लागतं. ते फील्ड टेस्ट करून घेतात. बहुतेकांचं लायसन्स राहतं.

---

ओवी

लेस्टरकर, 'डोळ्याचं औषध' हे अगदी खरं. माझ्या सासूबाईही तसंच म्हणतात. थेंब टाकायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून थोडं लिहिते.

बाटली संपली की औषध संपलं असं त्यांना वाटायचं. हे बीपीच्या गोळीसारखं रोजचंच आहे हे पटायला वेळ लागला, कारण टाकल्यावर बरं वाटत नाही आणि सोडल्यावर बिघडल्याचं कळत नाही. एकच थेंब पुरतो, दुसरा गालावर ओघळतो. खालची पापणी खाली ओढून खोबणीत टाकायचा, डोळा मिटायचा आणि नाकाच्या कडेचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसऱ्या औषधाचा थेंब पाच मिनिटांनी. नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो.

रात्रीचा लॅटानोप्रोस्ट (दाब कमी करणारा थेंब) न उघडलेला असेल तर फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. उघडल्यावर बाहेर चालतो, पण विदर्भातल्या मे महिन्यात 'बाहेर' म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे, म्हणून मी फ्रिजच्या दारातच ठेवते. उघडल्यापासून चार ते सहा आठवड्यांनी बाटली टाकून द्यायची. बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहिते. त्या थेंबाने सासूबाईंच्या पापण्या लांबसडक झाल्यात, यावर नणंदा जळतात. डोळ्याखालची त्वचा थोडी काळवंडते, ते त्यांना आवडत नाही.

---

रानवाटा

टिमोलॉलने दम लागतो का हो? बाबांना त्याचे डोळ्याचे थेंब सुरू झाले आणि जिना चढताना धाप लागायला लागली. जुना दमा आहे.

---

नेत्रा_पी

रानवाटा, आजच फोन करून त्यांच्या डॉक्टरांना दम्याचं सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने थेंब बदलून घ्या. दम लागणं वाढलं तर थेट दवाखाना. टिमोलॉल चांगलं आणि स्वस्त औषध आहे, पण दमा असलेल्यांना आणि नाडी फार मंद असलेल्यांना ते देत नाहीत. डोळ्यातला थेंब नाकावाटे रक्तात जातो, म्हणून ओवी म्हणतात तसा कोपरा दाबायचा. थेंब लिहून घेताना दमा, हृदय, बीपीच्या गोळ्या हे सगळं सांगायचं. आम्ही घाईत विचारायचं विसरलो तरी तुम्ही सांगा.

---

खडू_फळा

प्राथमिक शाळेत शिकवते. उन्हाळ्यात निम्मा वर्ग डोळे चोळत असतो. आया मेडिकलमधून 'मागच्या वेळचे तेच' थेंब आणतात, दोन दिवसांत लाली जाते, मग वर्षभर तेच. इथे लिहावं की नाही कळत नव्हतं.

---

नेत्रा_पी

बाई, बरं झालं लिहिलंत. अ‍ॅलर्जीच्या लालीवर झटकन गुण येणाऱ्या अनेक थेंबांत स्टिरॉइड असतं. डेक्सामिथासोन, बीटामिथासोन, प्रेडनिसोलोन ही नावं बाटलीवर बारीक अक्षरांत बघा. महिनोन्‌महिने टाकलं तर काही मुलांचा दाब चढतो आणि नस जाते, दुखत काही नाही. आठवी-नववीतली मुलं एक डोळा जवळजवळ गेल्यावर येतात. ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसतात. मोठ्यांतही स्टिरॉइड असलेले दम्याचे पंप, सांधेदुखीच्या गोळ्या, चेहऱ्याला गोरेपणासाठी लावलेली स्टिरॉइडची मलमं, सगळ्यांनी होऊ शकतं. पंप किंवा गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, पण डोळ्याचा दाब बघून घ्या.

मुलांचं आणखी एक. तान्ह्या बाळाचे डोळे फार मोठे, बुबुळ निळसर-धुरकट, पाणी येतं, उजेडात डोळे मिटून घेतं, तर 'किती टपोरे डोळे' म्हणत बसू नका. जन्मजात काचबिंदू असू शकतो, त्यात ऑपरेशन लवकर लागतं. विटीदांडूचा किंवा चेंडूचा मार लागलेला डोळा बरा झाल्यावरही वर्षानुवर्षांनी दाब चढू शकतो, त्यामुळे तो डोळा दरवर्षी दाखवावा.

---

पुष्कर_४४

थेंब नकोच असतील तर काही आहे का? रोज आयुष्यभर माझ्याच्याने होणार नाही.

---

नेत्रा_पी

उघड्या कोनात आहे. जाळीवर करायचं एक वेगळं लेझर असतं, एसएलटी. इंग्लंडमधल्या २०१९च्या चाचणीत सुरुवातीलाच हे लेझर केलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांचा दाब तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय ठरवलेल्या मर्यादेत होता. परिणाम हळूहळू ओसरतो, परत करता येतं. मोठ्या शहरांत मिळतं.

दोन्हींनी भागलं नाही तर ऑपरेशन. पापणीखाली पाण्याला नवी वाट करून देतात, किंवा बारीक नळी बसवतात. मदुराईच्या ऑरोलॅब या संस्थेने स्वस्त नळी बनवल्यापासून आपल्याकडे ती बऱ्याच लोकांना परवडायला लागली. ऑपरेशननंतर दृष्टी वाढत नाही. हे मी आधी तीनदा सांगते तरी पट्टी काढल्यावर 'दिसत तर तेवढंच' म्हणून नातेवाईक रागावतात.

---

झिम्मा

आईचं अपंगत्व प्रमाणपत्र होईल का? एक डोळा ठीक आहे.

---

काडी_आणि_काच

झिम्माताई, चांगल्या डोळ्यावरून ठरतं. २०१६च्या कायद्यात नुसता तक्ता नाही, नजरेचा घेरही धरलाय. घेर ४० अंशांपेक्षा कमी असेल तर अल्पदृष्टी, १० अंशांपेक्षा कमी तर अंधत्व. त्यामुळे समोरचं नीट वाचता येणाऱ्यालाही मिळू शकतं. फील्ड टेस्टचे जुने-नवे सगळे रिपोर्ट घेऊन जा. एक डोळा पूर्ण चांगला असेल तर अवघड आहे.

---

अण्णा_नाशिक

बरं. मेधाताई, मी हार मानतो. आमच्या घरी गणपतीला गावी सगळी भावकी जमते, चाळीस-पन्नास माणसं. माझ्या वडिलांना शेवटी दिसत नव्हतं, मोतीबिंदू काढूनही. तेव्हा शिबिर ठेवलं तर?

---

नेत्रा_पी

ठेवा. मात्र फक्त चष्म्याचे नंबर आणि फुंकरीचं मशीन घेऊन येणारं शिबिर नको. नस बघणारा डॉक्टर आणि कोन बघायची सोय हवी, नाहीतर सगळ्यांना 'नॉर्मल' चिठ्ठी मिळेल आणि पुढची दहा वर्षं कोणी फिरकणार नाही. सोय होत नसेल तर चाळिशीच्या पुढच्यांची तालुक्याला पाळी लावा. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले तर चार-पाच तास अंधुक दिसतं, आरती असेल त्या दिवशी नको. मधुमेहवाल्यांचा मागचा पडदाही (रेटिना) त्याच वेळी बघून होईल. वडिलांचे जुने कागद असतील तर घेऊन जा.

---

अण्णा_नाशिक

कागद ट्रंकेत आहेत. गौरी जेवल्यानंतरचा दिवस धरतो, तेव्हा सगळे सुस्तावलेले असतात. यादीत धाकट्या काकांचं नाव पहिलं घालतो, नाहीतर ते सकाळीच शेतावर निघून जातात.